इमिच दीड वर्ष वापरलं, घरचे फोटो आता घरच्या डब्यात

आधी सरळ सांगते, तुमच्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांचे फोटो असतील आणि ते सगळे फक्त कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर असतील तर इमिच (आपल्याच मशीनवर फोटो साठवायचं सॉफ्टवेअर) लावून बघा, आणि पुढच्या दिवाळीची वाट न बघता या महिन्यातच बघा. मी आयटीवाली नाही. नाशिकला जीएसटीची कामं करते, दिवसभर एक्सेल आणि पोर्टल, कमांड लाइन वगैरे आयुष्यात कधी उघडली नव्हती. तरी २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत लावलं आणि आजतागायत चालू आहे, आई-बाबा, मी, आमचे हे आणि जर्मनीतला दादा-वहिनी, सगळे वापरतात. म्हणून म्हटलं नीट लिहावं, कारण मराठीत याबद्दल फारसं सापडलं नाही आणि मला त्या वेळी सापडलं असतं तर तीन रविवार वाचले असते.

हे का करावंसं वाटलं ते सांगते. दादा जर्मनीला गेला त्यानंतर त्याचं इथलं सिम रिचार्ज करायचं राहून गेलं, नंबर बंद पडला आणि पुढे तो दुसऱ्याच कुणाला तरी मिळाला. मग तिकडे त्याचा फोन हरवला. नवीन फोनवर फोटोंच्या खात्यात लॉगिन करायला गेला तर ओटीपी त्या जुन्या नंबरवर. कंपनी मोठी होती, नाव घेत नाही, फॉर्म भरले, मेल केले, जुना पासवर्ड दिला, प्रत्येक वेळी तेच ठरलेलं उत्तर की तुम्हीच या खात्याचे मालक आहात याची खात्री पटत नाही. त्या खात्यात आजीच्या पंच्याहत्तरीचे सगळे फोटो होते. दादानेच काढले होते, आम्ही बाकीचे पंगत वाढण्यात होतो. आजी आता नाही. आमच्याकडे त्या दिवसाचे व्हॉट्सअॅपवर आलेले नऊ फोटो उरलेत, तेही दाबून दाबून बारीक झालेले, औक्षणाच्या फोटोत निरांजन ओळखू येतं पण आजीच्या डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके आहेत.

तेव्हापासून डोक्यात होतं की आपल्या फोटोंची एक प्रत आपल्या हातात पाहिजे.

इमिच म्हणजे काय ते थोडक्यात. फोटो-व्हिडिओ साठवायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, जे तुम्ही तुमच्याच मशीनवर चालवता. फोनवर त्याचं अॅप, अँड्रॉइडला पण आणि आयफोनला पण. फोटो काढला की घरच्या मशीनवर आपोआप जातो. टाइमलाइन, अल्बम, चेहरे ओळखणं, नकाशा, शोध, "इतक्या वर्षांपूर्वी आजच्या दिवशी", सगळं आहे, दिसायला पण गूगल फोटोजसारखंच त्यामुळे आईला काही शिकवावं लागलं नाही. अॅलेक्स ट्रॅन नावाच्या डेव्हलपरने २०२२ मध्ये सुरू केलं, आणि मे २०२४ पासून फ्युटो नावाची संस्था मुख्य टीमला पगार देते, त्यामुळे एकट्या माणसाचा हौशी प्रोजेक्ट उद्या बंद पडेल अशी धाकधूक थोडी कमी झाली. मी लावलं तेव्हा त्यांच्या पानावर ठळक इशारा होता की हे अजून घडतंय, फोटोंची एकमेव जागा म्हणून वापरू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये २.० आलं आणि त्यांनी स्वतः त्याला स्टेबल म्हटलं. म्हणजे आत्ता सुरू करणाऱ्याला माझ्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

मशीन. नाशकातल्याच एका जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानातून लेनोवोचा थिंकसेंटर टायनी घेतला, ऑफिसमधून निघालेला माल, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, साडेअकरा हजार. जाडजूड पुस्तकाएवढा डबा आहे, टीव्हीखाली ठेवलाय. १ टीबीची एसएसडी वेगळी घेतली आणि बॅकअपसाठी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. सगळं मिळून पंचवीस हजाराच्या आसपास गेले. आता २ टीबीचा क्लाउड प्लॅन वर्षाला साडेसहा हजाराच्या घरात मिळतो, म्हणजे पैसे वसूल व्हायला चार वर्षं, त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून करत असाल तर शांतपणे हिशोब करा. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर आधी फुकट करून बघा, फक्त बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहा आणि फुगली असेल तर काढून टाका, चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवायची वस्तू आहे ही. रॅम मात्र ८ जीबी असू द्या, त्यांचे स्वतःचे कागद पण कमीत कमी ६ म्हणतात.

विजेचं सगळे विचारतात. प्लगला मीटर लावून मोजलं, काही काम नसताना ११-१२ वॅट. म्हणजे महिन्याला आठ-नऊ युनिट. आमचा फ्रीज त्याच्या कितीतरी पट खातो.

आता लावायचं कसं. डेबियन (विंडोजसारखी, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं, त्यावर डॉकर (तयार सॉफ्टवेअर वेगळ्या खोक्यात चालवणारं टूल). इमिचच्या साइटवर दोन फाइल मिळतात, एक कंपोज फाइल (कायकाय चालवायचं त्याची यादी) आणि एक सेटिंगची, सेटिंगच्या फाइलमध्ये फोटो कुठे ठेवायचे तो फोल्डर आणि डेटाबेसचा पासवर्ड लिहायचा, आणि एक कमांड. बस. ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) आणि पुढे २२८३ पोर्ट टाकला की पान उघडतं, जो पहिला खातं बनवतो तो अॅडमिन. हे लिहायला चार ओळी लागल्या पण मला पहिला अख्खा रविवार लागला, कारण डॉकर म्हणजे काय इथपासून वाचलं. घाबरू नका, जीएसटीच्या पोर्टलपेक्षा एरर मेसेज खूप समजूतदार आहेत, काय चुकलं ते शब्दांत सांगतात.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा, नंतर नको. सेटिंगमध्ये स्टोरेज टेम्प्लेट नावाचं आहे ते चालू करा. ते बंद असलं की फोटो डिस्कवर लांबलचक अगम्य नावांच्या फोल्डरमध्ये जातात, चालू केलं की वर्ष, महिना अशा सरळ फोल्डरमध्ये राहतात. म्हणजे उद्या इमिच नावाचं काही जगात राहिलंच नाही तरी ती डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावायची, २०१७ चा फोल्डर उघडायचा, फोटो समोर. मला तरी या सगळ्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

दुसरा रविवार जुने फोटो आणण्यात गेला. गूगलकडून टेकआउट (आपल्याच डेटाची प्रत) मागवलं, ५०-५० जीबीच्या झिप फाइल बनवून मिळतात, आणि डाउनलोडची लिंक आठवडाभरच चालते तेव्हा मागवून विसरू नका. गंमत अशी की या झिपमध्ये फोटो एकीकडे आणि तारीख-जागा-अल्बमची माहिती जेसन नावाच्या वेगळ्या मजकुराच्या फाइलमध्ये असते, तशाच चढवल्या तर बरेच फोटो चुकीच्या तारखेला जाऊन बसतात. त्यासाठी इमिच-गो नावाचं वेगळं फुकट टूल आहे, ते झिप न उघडताच वाचतं, माहिती जोडतं आणि चढवतं. साधारण ४१ हजार फोटो आणि तेवीसशे व्हिडिओ होते, ३८० जीबी. चढायला एक रात्र, आणि मग मशीन दोन दिवस नुसतं थंबनेल (फोटोंच्या छोट्या प्रती) बनवत आणि चेहरे शोधत बसलं, पंख्याचा आवाज यायला लागला तर आई म्हणाली, "अगं, याला काही होत नाही ना?" काही होत नाही. एवढं एकदाच असतं, नंतर रोजचे दहा-वीस फोटो त्याला काहीच नाहीत. एकच, थंबनेल वगैरेमुळे फोटोंच्या वर अजून दहा-वीस टक्के जागा जाते ती धरून डिस्क घ्या.

आता चेहऱ्यांचं सांगते, कारण इथे मी खरंच थांबले होते. बाबांचे जुने अल्बम मी हळूहळू स्कॅन करत होते, काळे-पांढरे, काही नारिंगी पडलेले. चढवल्यावर दोन दिवसांनी बाबांच्या नावावर टिचकी मारली तर आत्ताच्या, चष्मा आणि पांढऱ्या मिशीवाल्या बाबांच्या खाली खाली जाता जाता १९८४ चा एक फोटो, कॉलेजच्या गेटवर चार पोरं, त्यातला डावीकडून दुसरा. मीच ओळखला नसता. बाबांना दाखवला तर चष्मा वर करून फोन नाकापाशी धरला आणि म्हणाले, "हा मीच की गं. हा शर्ट माझा नाही, तुझ्या काकाचा होता, मी मागून नेला होता." शर्टाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. आणि हे सगळं ओळखण्याचं काम त्या टीव्हीखालच्या डब्यात झालं, बाबांचा चेहरा बाहेर कुठे गेला नाही.

चुका होतात. मावसबहिणीच्या जुळ्या मुली त्याने एकच करून टाकल्यात आणि किती वेळा वेगळ्या केल्या तरी नवीन फोटो आला की परत गोंधळ. लहान बाळं तर सगळी सारखीच. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या आल्या की नवरा-नवरीचे चेहरे वेगळीच माणसं म्हणून पडतात, मला दादाचे असे तीन "अनोळखी" हाताने जोडावे लागले. पण जोडायला दोन टिचक्या लागतात, एकदा बसून करून टाका.

शोध. शब्द आणि फोटो जुळवणाऱ्या मूळ मॉडेलला इंग्रजीच समजतं. "अम्ब्रेला" हे इंग्रजीत लिहिलं की छत्र्या, मराठीत छत्री लिहिलं की काहीही. पण सेटिंगमध्ये मॉडेल बदलता येतं, एनएलएलबी नावाची बहुभाषिक मॉडेल आहेत, त्यातलं एक टाकलं आणि सगळ्या फोटोंवर परत काम चालवलं, आता आई फोनवर बोलून टाइप करते "समुद्रावर मुलं" आणि गणपतीपुळ्याचे फोटो येतात. "पाऊस" चांगलं चालतं. "मोदक" लिहिलं तर मोदकांबरोबर लसणाचे गड्डे पण आले, आणि "गुढी" त्याला अजिबात कळत नाही, झेंडे आणि वाळत घातलेल्या साड्या दाखवतं. मॉडेल मोठं असल्याने रॅम जास्त खातं, मी रॅम वाढवून १६ केली. शोधाच्या बाबतीत गूगल पुढे आहे हे मान्यच करते. मला त्याने अडत नाही, मी बहुतेक वेळा माणूस आणि वर्ष यावरूनच शोधते.

तिसरा रविवार सगळ्यात त्रासाचा. घरात वायफायवर सगळं मस्त, घराबाहेर पडलं की बंद. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडला तरी बाहेरून काही येईना. ब्रॉडबँडवाल्यांना चार वेळा फोन केला, चारही जणांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. शेवटी स्वतःच वाचून कळलं की आपल्याकडे बरेच ब्रॉडबँडवाले एकच पब्लिक आयपी कित्येक घरांत वाटून देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात, आणि त्यात बाहेरून तुमच्या घरापर्यंत रस्ताच नसतो. स्टॅटिक आयपी (फक्त आपलाच असा कायमचा पत्ता) विकत घ्या नाहीतर दुसरा उपाय. मी टेलस्केल लावलं. ते वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनवर (इंटरनेटवरच्या खाजगी बोगद्यावर) चालतं, घरगुती वापराला फुकट, मशीनवर आणि प्रत्येक फोनवर टाकायचं आणि सगळी उपकरणं जणू एकाच घरात असल्यासारखी एकमेकांना दिसतात. काहीच पोर्ट उघडावा लागत नाही, त्यामुळे बाहेरचा कुणी दार ठोठावायला येण्याचा प्रश्न कमी. दादाला पण त्यातच घेतलं, आता त्याच्या पोरीने तिकडे बर्फात केलेला उद्योग संध्याकाळपर्यंत आमच्या टीव्हीखालच्या डब्यात येतो. ज्यांना तेही दुसऱ्याच्या भरवशावर नको त्यांना टेलस्केलचा मधला सर्व्हर स्वतः चालवायला हेडस्केल आहे, मी तिथवर गेले नाही.

याची अडचण एवढीच की आत्याला एखाद्या अल्बमची लिंक पाठवली तर तिच्याकडे टेलस्केल नाही म्हणून उघडत नाही. क्लाउडफ्लेअरचा टनेल हा दुसरा रस्ता आहे, पण त्याच्या फुकट प्लॅनमध्ये एका वेळी १०० एमबीच्या वर काही चढत नाही, म्हणजे फोनवरचा पाच मिनिटांचा व्हिडिओ अडकला. शेवटी आत्याला अजून व्हॉट्सअॅपवरच पाठवते.

आता वीज. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून दोन-तीनदा जाते. दोन गोष्टी केल्या. एक, डबा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. दुसरं, मशीनच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक सेटिंग असतं की वीज परत आली की स्वतःहून चालू हो, ते लावलं, नाहीतर मी ऑफिसात आणि डबा बंद. तरीही गेल्या जुलैत एकदा इन्व्हर्टरची बॅटरीच बसली, मशीन अचानक बंद पडलं, चालू झालं पण इमिच चालू होईना. पोटात गोळा आला. लॉग (सॉफ्टवेअरची नोंदवही) उघडला तर त्यात लिहिलं होतं की फोल्डरमध्ये असायला हवी ती फाइल सापडत नाही. झालं असं होतं की वीज आल्यावर एसएसडी लागलीच नव्हती, फोल्डर रिकामा होता. इमिच प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःची एक लपलेली खूण ठेवतं, ती दिसली नाही की सुरूच होत नाही, म्हणून त्याने रिकाम्या फोल्डरमध्ये नवीन संसार मांडला नाही. डिस्क परत लावली, रीस्टार्ट केलं, सगळे फोटो जागच्या जागी. ज्याने कुणी ही तपासणी लिहिली त्याला मनापासून धन्यवाद.

बॅकअपबद्दल मी कुणाचंच ऐकून घेणार नाही. घरी फोटो आणले आणि बॅकअप नाही, तर क्लाउडवरच ठेवा, तिथे जास्त सुरक्षित आहेत. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, एक घराबाहेर. माझ्याकडे रोज रात्री एका हार्ड डिस्कवर प्रत जाते, आणि दुसरी हार्ड डिस्क सिन्नरला मावशीकडे कपाटात असते, दर दोन-तीन महिन्यांनी जाते तेव्हा अदलाबदल. इमिच स्वतः रोज रात्री २ वाजता डेटाबेसची प्रत काढतं आणि शेवटच्या १४ ठेवतं, पण लक्षात घ्या त्यात फक्त नावं, अल्बम, चेहरे असतात, फोटो नसतात, फोटोंचा फोल्डर तुम्हालाच कॉपी करायचाय. आणि एकदा तरी त्या बॅकअपवरून परत उभं करून बघा. मी जुन्या लॅपटॉपवर केलं, पहिल्यांदा जमलं नाही कारण डेटाबेसचा पासवर्ड मी कुठेच लिहून ठेवला नव्हता. आता तो आईच्या दागिन्यांच्या डब्यातल्या वहीत लिहिलेला आहे, शेजारी कुठली कमांड द्यायची ते पण, म्हणजे मला काही झालं तर आमचे हे तरी चालवू शकतील.

अजून एक, इमिचमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही. मशीन कुणी उचलून नेलं तर फोटो उघडे. मी डेबियन टाकतानाच अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायला पाहिजे होती, राहिलं, आता पुढच्या वेळी. ज्यांना हे पहिल्यापासून पाहिजे त्यांनी एन्टे हे फोटोंचं दुसरं सॉफ्टवेअर बघा, ते बनवणाऱ्यांनी २०२४ मध्ये सर्व्हरचा कोड पण खुला केला.

अपडेट करायला दोन कमांड लागतात पण आधी रिलीज नोट (नव्या आवृत्तीत काय बदललं ती टीप) वाचायची सवय लावा. मे २०२५ मध्ये डेटाबेसमधला एक भाग बदलला होता, तेव्हा कंपोज फाइल पण बदलायची होती, नोट न वाचणाऱ्याला ते कळलंच नसतं. २.० नंतर असं काही झालेलं नाही माझ्याकडे. बाबांच्या फोनवर बॅटरी सेव्हर इमिचला मागून मारून टाकतो, त्या अॅपला तेवढी सूट द्यावी लागते, आणि आयफोनवर अधूनमधून अॅप उघडावं लागतं, आपोआप जाणं तिकडे जरा लहरी आहे.

सगळं फुकट आहे, काही कुलूप लावून ठेवलेलं नाही. तरी मी २५ डॉलरची चावी (म्हणजे पाठिंबा म्हणून घ्यायचा परवाना) घेतली, एकदाच द्यायचे, त्याने नवीन काही मिळत नाही. परवडत असेल तर तुम्ही पण घ्या, या लोकांचं चाललं पाहिजे.

आणि एकदा डबा चालू झाला की त्यावर बाकीच्या गोष्टी पण बसतात. पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन, बाबांच्या नाटकांच्या रेकॉर्डिंगसाठी जेलीफिन, घरभरच्या जाहिराती अडवायला पाय-होल, हे तिन्ही मी एकेका संध्याकाळी लावले. फक्त ईमेल घरी होस्ट करायच्या मागे लागू नका, घरगुती आयपीवरून पाठवलेली मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाते आणि तुम्ही ती पोचली की नाही या काळजीत मरता.

सुरुवात फोटोंनी करा असं मी सगळ्यांना सांगते. ऑफिसातल्या दोघींनी लावलंय, एकीने सासऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर, तिला मी शनिवारी जाऊन टेकआउट चढवून दिलं. तुमच्या ओळखीत कुणी लावलेलं असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा, वाचण्यापेक्षा बघून पटकन जमतं.

दादाचं ते खातं अजून उघडलेलं नाही. पण गेल्या महिन्यात मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून पंच्याहत्तरीच्या दिवशी कुणी कुणी फोटो काढले होते ते विचारलं, आणि चाळीसगावच्या मामेभावाच्या जुन्या मेमरी कार्डात सतरा सापडले. मूळ आकाराचे. चढवले तसे अर्ध्या तासात आजीच्या नावाखाली जाऊन बसले, औक्षणाचा पण आहे त्यात, जरा बाजूने काढलेला, निरांजनाचा उजेड तिच्या गालावर आलाय. आत्याकडे पण एक जुना कॅमेरा आहे म्हणे, चार्जर नाही, रविवारी जाऊन बघते.